सहा बशांचं शिळं पाणी

मुंबईहून परत आलेली माणसं समुद्राचं सांगतात, राणीच्या बागेचं सांगतात. मी पावणेदोन महिने राहून आले आणि मला सांगायचं आहे ते ठाकूरद्वारच्या एका खिडकीबद्दल. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी कामं पुढे ढकलते. आता ऐंशी उलटली, ढकलायला पुढे जागा उरली नाही.

द्विभाषिक राज्य होतं तेव्हाची गोष्ट. निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या आणि भिंतीभिंतीवर डांबरानं लिहिलेलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईला निघाले, ते पितळेच्या डब्यात कौलांचे बारा तुकडे घेऊन.

डब्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नेचा सगळ्यांनी पाहिलेला असतो, विहिरीच्या भिंतीला, पन्हाळीखाली. त्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या मागे तपकिरी धूळ असते. ती ओलाव्यावर पडली की तिच्यातून नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा एक हिरवा पापुद्रा उगवतो. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे, आम्ही पापुद्राच म्हणायचो. नर-मादीचा सगळा कारभार या पापुद्र्यावर चालतो. काही पापुद्र्यांवर मादीच्या चिमुकल्या सुरया येतात, काहींवर नराचे फुगीर दाणे येतात. या दोघांचं जमलं की मग खरा नेचा.

गंमत अशी, की धुळीचा कण नर नसतो आणि मादीही नसतो. एकाच पानाची धूळ, पण कुणी हे होतं, कुणी ते. ठरवतं कोण? जुनी पुस्तकं म्हणायची, उपासमार. दाटीत वाढलेला, उपाशी, मळक्या पाण्यातला पापुद्रा नर होतो. पण परदेशातून नुकतंच वेगळं ऐकू येत होतं. जे पापुद्रे आधी वाढतात ते पाण्यात काहीतरी द्रव्य सोडतात, आणि मागून आलेले त्या द्रव्यामुळे नर होतात. आमच्या महाबळेश्वरच्या नेच्यात असं होतं का, ते बघायचं होतं. माझ्या कौलांच्या तुकड्यांवर तीन आठवड्यांचे पापुद्रे होते. ते आधी आलेले. मागून येणाऱ्यांची धूळ कागदाच्या पुडीत होती.

पुण्याला गाडी बदलल्यावर समोर कराडची एक बाई बसली. डबा मी मांडीवरून खाली ठेवेना, तसं तिनं विचारलं, "काय आहे गं?"

"नेचे आहेत."

"खातात?"

"नाही."

"औषधाचे?"

"नाही."

"मग इतकं जपून कशाला नेतीस?"

मी डबा आणखी घट्ट धरला. तिनं कीव येऊन मला मूठभर करवंदं दिली.

ठाकूरद्वार

आत्याचं घर वाडीत दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक सज्जा आणि उत्तरेची एक रुंद खिडकी, जिच्या फळीवर दिवसभर थंड उजेड असायचा. त्या फळीसाठीच मी तिथे उतरले होते. तिचं सासर मुंबईतलं जुनं, यजमान कस्टममध्ये हेडक्लार्क. आत्या पन्नाशीची, चपळ आणि हसतमुख. माझ्यावर तिचा फार जीव. पहिल्याच जेवणाला कोलंबीचं कालवण आणि कुरकुरीत बोंबील. आम्ही कोल्हापूरची मटणाची माणसं, मला काटेसुद्धा काढता येईनात. तिनं माझ्या ताटातले बोंबील स्वतः सोलून दिले.

आत्या चळवळीत होती. पहाटे प्रभातफेरीला जायची, संध्याकाळी सभेला. सभेत काळाचौकीच्या, लालबागच्या गिरणीवाल्या बायकांना चिकटून बसायची, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायची. घरी आली की आंघोळ. मला वाटलं, उकाडा आहे.

पाण्याचा तिचा वेगळा कारभार होता. आमच्याकडे आड होता. लागेल तसं शेंदायचं, पाण्याला ताजं-शिळं कुणी म्हणत नसे. इथे नळ पहाटे यायचा आणि तासाभरात जायचा. आत्या रोज पहाटे घरातलं कालचं पाणी ओतून टाकायची, अगदी भरलेली कळशी असली तरी. हंडे, घागरी, फुलदाणी, चिमण्यांसाठी ठेवलेलं भांडं, सगळं घासायचं आणि नवं भरायचं. "शिळं पाणी घरात नको," एवढंच म्हणायची. मी त्या वेळी गाढ झोपलेली असायची. पहाटे उठणं मला आजही जमत नाही.

शांता

दादरच्या एका कॉलेजात आमचे सर होते. जूनपासून त्यांच्याकडे संशोधनाची एकच जागा होती आणि उमेदवार दोघी, मी आणि शांता. मला नाही मिळाली तर कोल्हापूरची नोकरी होतीच. शांताला नाही मिळाली तर जूनमध्ये म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तरीण, वडिलांनी सांगून ठेवलं होतं. घरात खाणारी नऊ माणसं.

सरांनी पत्रानं कळवलं होतं, "दोघी सहा-सहा बशा लावा. एकाच दिवशी, एकाच जागी. मी वीस दिवसांनी बघीन. ज्या मुलीच्या हाताला शिस्त, तिला जागा." लॅबला पत्र्याचं छप्पर, मे महिन्यात ती तव्यासारखी तापायची. शांताच्या खोलीत चुलीचा धूर. म्हणून आत्याची फळी.

दुसऱ्या दिवशी शांता आली. उंच, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. उकळून क्षार घातलेलं पाणी तिनं घरूनच दोन बाटल्यांत आणलं होतं. आम्ही कौलांचे तुकडे वाटून घेतले, एकेका काचेच्या बशीत एकेक ठेवला, पाणी घातलं, वरून नवी धूळ भुरभुरली, काच झाकली. डावीकडच्या सहा बशा माझ्या, उजवीकडच्या सहा तिच्या. पाणी आटलं तर उकळलेल्याची भर घालायची, बाकी हात लावायचा नाही.

आत्या दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. "तू कुठली गं?"

"काळाचौकी."

"मूळचे?"

"दापोलीकडचे."

"आणि आडनाव?"

शांतानं आडनाव सांगितलं. मग आपणहून पुढे म्हणाली, "आम्ही बौद्ध. गेल्या वर्षी दीक्षा घेतली."

"बरं, बरं," आत्या म्हणाली. आवाज तसाच गोड. चहा आला. माझा नेहमीच्या कपबशीत, शांताचा कान तुटलेल्या कपात. तो कप सज्ज्यातल्या कोनाड्यात असायचा, भंगी यायचा त्याच्यासाठी ठेवलेला. शांतानं चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि कोनाड्यात नेऊन ठेवला. तिला जागा कशी कळली, कुणास ठाऊक.

मी बघितलं. बोलले नाही. आत्याकडे पाहुणी आहे, फळी आत्याची आहे, असं मनाशी म्हणाले. रात्री वही काढून दिवसाची नोंद केली, खोलीचं तपमान, उजेड, किती चिमटी धूळ.

शांता दर तिसऱ्या दिवशी यायची, तिच्या बशांत बोट-दोन बोटं भर घालायची. माझ्या बशांतलं पाणी कधी आटतच नव्हतं, नेहमी काठोकाठ आणि आरशासारखं. कपाळ माझं, मला त्याचंही नवल वाटलं नाही! माझी निगा चांगली, असं वाटून मी खुशीत होते.

काळाचौकी

दहाव्या दिवशी शांतानं मला घरी जेवायला नेलं. ट्रामनं गेलो. माझ्या हातात एक बशी होती, तिच्या धाकट्या बहिणीला दाखवायची म्हणून. कंडक्टर म्हणाला, "बाई, दही सांडेल हां." शांता हसून हसून लाल झाली.

दहा बाय बाराची खोली, मधे धोतराचा पडदा. दारात भिंतीतून एक पिंपळ फुटलेला आणि त्याखाली चक्क नेचे. गिरणीचा भोंगा झाला तसे जिने माणसांनी भरले. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कुळथाची पिठी. पिठी मी तीनदा मागून घेतली. शांताची आई म्हणाली, "वाड गो तिला अजून, कोल्लापूरची हाय, भूक मोठी आसणार."

वडील रिंगखात्यात होते. सूत काढायच्या खात्यात. मी विचारलं, विणखात्यात जास्त मिळतं ना? ते म्हणाले, "मिळतं. पण आमच्या उमेदीत तिकडं आमाला घेत नव्हते. धोट्यात नवी कांडी बसवली की तिचा धागा तोंडानं ओढायला लागतो. आमच्या तोंडचा धागा दुसऱ्यानं कसा ओढायचा?" हे त्यांनी हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मग त्यांनी बशी हातात घेऊन निरखून पाहिली. "हे एवढंसं. बाप्या का बाई, कसं ठरतं?"

शांतानं सांगितलं. आधी आलेल्यांनी पाण्यात काय सोडलंय, त्यावर मागून आलेल्याचं ठरतं.

"म्हंजे जन्मावर नाय," ते म्हणाले.

"नाय, बाबा."

"मग शीक तू हे," म्हणाले आणि ताटाकडे वळले.

दादर

विसाव्या दिवशी बारा बशा टोपलीत घालून आम्ही सरांकडे गेलो. सरांनी आधी माझ्या बशीतले नवे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. फिकट, पण स्वच्छ. नराचा एक दाणा नाही. सहाही बशांत नाही.

मग शांताच्या. सर बराच वेळ मान वर करीनात. मग आम्हाला बघू दिलं. मागून उगवलेल्या एवढ्याशा पापुद्र्यांवर दाणेच दाणे, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे. सरांनी वर पाण्याचा थेंब सोडला तसे दाणे फुटले आणि आतून वळवळत, गिरक्या घेत नराच्या पेशी पोहत सुटल्या. मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. शांतानं माझा हात धरला होता.

सर मागे टेकले. "आधी वाढलेले पापुद्रे दोघींच्या बशांत होते. द्रव्यबिव्य असतं तर दोघींकडे नर दिसले असते. दिसले एकीकडेच. म्हणजे द्रव्य नाही, निगा. जुनं म्हणणंच बरोबर आहे. शांता, तुझ्या बशांतलं पाणी बघ, हिरवट, मळकट. इंदूचं बघ."

"सर, मी पाणी उकळलं होतं. क्षार मोजून घातले होते."

"घरी उकळलंस ना? कोणत्या भांड्यात?"

शांतानं आपल्या बशांवर एकेक करून काच झाकली. सरांनी तांबड्या पेन्सिलीनं तिच्या वहीत शेरा मारला, 'पाणी अस्वच्छ. निगा अपुरी.' जागेचं आठवड्यानं सांगतो म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते.

खरं लिहायला बसले आहे तर हेही लिहिते. मला आनंद झाला. बाहेर आल्यावर शांता म्हणाली, "भांडं माझ्या आईनं राखेनं तीनदा घासलं होतं." मी म्हटलं, "असू दे गं." काय असू दे? छे!

पहाटेचा नळ

आनंद फार टिकला नाही. झोप लागेना. माझे पापुद्रे फिकट का, हा प्रश्न डासासारखा कानाशी फिरत होता. भरपूर क्षारांच्या पाण्यातले पापुद्रे फिकट असायला नकोत. फिकट म्हणजे उपाशी.

नळाला पाणी आल्याचा आवाज झाला तशी मी उठून बसले. बशा टोपलीतून परत फळीवर मांडल्या होत्या. आत्या पदर खोचून आली. तिनं डावीकडची पहिली बशी उचलली, पाणी तुळशीत ओतलं, कळशीतलं ताजं पाणी कौलावरून हलकेच सोडलं, काच झाकली. मग दुसरी. मग तिसरी. देवाची भांडी करावीत तशा निगुतीनं सहा बशा केल्या आणि कळशी घेऊन वळली.

"आत्या! हे काय करतेस?"

"अगं बाई, उठलीस? शिळं पाणी किती दिवस ठेवायचं? तुला सवय नाही, म्हणून मीच बदलते रोज."

"रोज? पहिल्या दिवसापासून?"

"हो. बघ कसं नितळ आहे."

मी उजवीकडे बोट दाखवलं. "आणि त्या सहा?"

"त्या तिच्या ना गं," आत्या म्हणाली. "त्यांना मी कशाला हात लावू?"

आधीच्या पापुद्र्यांनी माझ्या बशांत जे काही सोडलं होतं ते रोज पहाटे तुळशीत जात होतं, आणि माझे क्षारही. वीस दिवस माझे पापुद्रे नुसत्या नळाच्या पाण्यावर उपाशी होते, तरी एकही नर झाला नव्हता. शांताचं पाणी जसंच्या तसं राहिलं होतं, खाणंपिणं भरपूर, आणि तिथे नरच नर. म्हणजे उपासमारीचं जुनं म्हणणं खोटं, आणि शांताची एकही बशी चुकलेली नव्हती. हे मी आत्याला मोठ्यानं ओरडून सांगितलं. मी मूळची तापट, त्यात पहाट. शेजारची खिडकी उघडली.

आत्या खाली बसली. "म्हणजे माझ्यामुळे तुझं बिघडलं?"

"हो."

"आणि तिचं झालं?"

"हो!"

तिनं थोडा विचार केला. "मग बरंच केलं मी, तिच्यांना हात नाही लावला ते."

मी चपला शोधायला लागले.

पुन्हा काळाचौकी

आंघोळ न करता ट्राम धरली. शांता गॅलरीत तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, आणि पहिल्यांदा शास्त्राचंच बोलली. "म्हणजे तुझ्या आत्यानं आपल्याला हवी होती ती तुलना करून दिली. धुतलेलं पाणी आणि न धुतलेलं."

"हो ना!"

"सरांना काय सांगणार?"

"सांगेन ना, की माझ्या बशांचं पाणी चुकून बदललं गेलं."

"आणि माझ्या बशांचं का नाही बदललं?"

मी सुपातले तांदूळ चाळवायला लागले.

"इंदू," ती म्हणाली, "तो कप मला दिसत नव्हता असं वाटलं तुला? मी सात वेळा प्यायले त्यात. प्रयोग तुझ्या आत्याच्या फळीवर होता म्हणून प्यायले. तुला दिसत होता ना?"

"दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, मला भीती वाटली. आत्या फळी देणार नाही अशी. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला बोलायचं सुचलंच नव्हतं, इतका तो कप मला ओळखीचा होता. आमच्याही घरी एक होता. ते मी तिला सांगितलं. तिनं सूप परत उचललं आणि उरलेले तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली, "चल, सरांकडे जाऊ. पण कारणासकट सांगायचं. आणि तू सांगायचंस."

फळीवरचे अठरा दिवस

सरांना मी कारणासकट सांगितलं. जागा हातची जात होती तेही कळत होतं. सरांचे कान लाल झाले. "पुन्हा करून दाखवा," एवढंच म्हणाले.

शांतानं आखणी केली. तिच्या बशांतलं जुनं पाणी मलमलीतून गाळलं आणि सरांच्या समोर, सरांच्या भांड्यात उकळलं, म्हणजे मळाचं नाव निघायला नको. मग नव्या सहा बशा, नवे कोरे कौलाचे तुकडे, नवी धूळ. तीन बशांत हे जुनं पाणी, तीन बशांत क्षारांचं ताजं पाणी. परत आत्याचीच फळी, कारण जागा बदलली तर सर म्हणणार जागा बदलली.

आत्याला मी बजावलं, कशालाही हात लावायचा नाही. ती म्हणाली, "आता सगळ्यांवरच तिचा हात फिरलाय. मी कशाला जवळ जाते?" ती रोज पहाटे हंडे घासायची आणि फळीला वळसा घालून जायची. बोंबील मात्र मला अजूनही सोलून द्यायची. मला तिचा राग यायचा आणि घास घशाखाली जायचा, दोन्ही एकाच वेळी.

अठराव्या दिवशी सरांनी सहाही बशा पाहिल्या. ताज्या पाण्यात नर नाही. जुन्या, गाळलेल्या, उकळलेल्या पाण्यात पापुद्र्यांवर दाणेच दाणे. सर म्हणाले, "द्रव्य आहे. आणि उकळूनही मरत नाही." त्यांनी शांताची वही मागवली आणि आपला तांबडा शेरा दोन रेघांनी खोडला. माफीबिफी मागितली नाही.

अहवाल शांतानं लिहिला. त्यात एक वाक्य होतं. 'डावीकडील सहा बशांतील पाणी घरातील बाईंनी रोज बदलले. उजवीकडील सहा बशा आमच्यापैकी जिच्या होत्या तिच्या जातीमुळे त्यांनी त्यांस स्पर्श केला नाही.'

सरांनी पेनाचं टोपण उघडलं, परत लावलं. "हे इथे लिहायलाच हवं का? 'काही घरगुती कारणाने' असं चालेल."

शांता म्हणाली, "सर, उद्या कुणाला हा प्रयोग परत करायचा असला, तर पाणी कसं राहिलं ते त्याला कळायला नको?"

सरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग सही केली. जूनपासून जागा शांताची झाली.

मी कोल्हापूरला परतले. निघताना आत्यानं सुके बोंबील बांधून दिले आणि डोळे पुसले. शांता बोरीबंदरला आली होती. गाडी हलताना तिनं खिडकीतून कौलाचा एक तुकडा माझ्या हातात दिला. तो आजही माझ्या तुळशीच्या कठड्यावर आहे, आणि त्याच्यावर नेचा आहे.

पुढे शांता मोठी प्राध्यापक झाली, निवृत्त झाली. आमची मैत्री टिकली, ती तिच्यामुळे. परवा तिचा फोन आला. आवाज अगदी गॅलरीतल्या शांतासारखा. "अगं, ते द्रव्य पाण्यात कसं काम करतं ते उलगडलं. एका वेलीसारख्या नेच्यात. रोपांची उंची वाढवणारं जे संप्रेरक असतं ना, त्याचंच भावंड निघालं. आणि गंमत ऐक. आधी आलेले पापुद्रे ते पुरतं करतच नाहीत. शेवटची पायरी त्यांना जमत नाही, म्हणून ते स्वतः नर होत नाहीत. अर्धवट केलेलं, वर टोपी चढवलेलं, असं पाण्यात सोडून देतात. मागून आलेले ते आत घेतात, टोपी काढतात, शेवटची पायरी स्वतः करतात, आणि मग नर होतात."

"म्हणजे अर्धं काम ह्यांचं, अर्धं त्यांचं?"

"हो ना! पाणी तेवढं कुणी ओतून टाकायचं नाही."

आम्ही दोघी म्हाताऱ्या फोनवर हसलो. मग ती म्हणाली, "तुझी तेव्हाची वही आहे का गं? पहिल्या दिवशी किती तपमान होतं ते बघ ना."

वही होती. मी चष्मा लावून वाचून दाखवलं. तपमान, उजेड, दोन चिमटी धूळ. शेवटची ओळही वाचली. 'शांता आली. चहा झाला.'

ती म्हणाली, "कशात झाला, ते नाही लिहिलंस."

फोन ठेवल्यावर मी पेन शोधलं आणि त्या ओळीपुढे लिहिलं. माझा कपबशीत. तिचा कान तुटलेल्या कपात. मी बघितलं.